‘सुसान’चा दात: चित्र बरोबर, दात खोटा

प्रकरणातला दात स्पर्म व्हेल या देवमाशाचा, त्यावर खलाशानं कोरलेली चित्रं, असं सांगितलं जातं. तो १६ सेंटिमीटर लांब, वजन २१२ ग्रॅम. रंग जुन्या पेटीच्या पिवळ्या पडलेल्या पट्ट्यांसारखा. एका अंगाला तीन डोलकाठ्यांचं जहाज, भोवती होड्या आणि पाण्यात उलथलेला देवमासा. दुसऱ्या अंगाला तेच जहाज, डेकवरच्या भट्ट्यांतून धूर निघतोय. टोकाकडे पंख पसरलेला गरुड, झेंडे आणि नांगर. बुडाशी बारीक इंग्रजी अक्षरांत जहाजाचं नाव ‘सुसान’, बंदर नॅन्टकेट, कप्तान फ्रेडरिक स्वेन, कोरणारा फ्रेड मायरिक आणि १८२९ सालातली तारीख. अंगावर उभ्या बारीक भेगा आहेत आणि मुळाकडून अडीच सेंटिमीटर खोल पोकळी. सोबतच्या चिठ्ठीत ‘न्यू इंग्लंडमधल्या जुन्या घराण्यातून’ एवढंच.

हा दात कुणा एकाच्या मालकीचा नाही. ‘सुसान’च्या नावानं फिरणाऱ्या नकलांत जी लक्षणं वारंवार एकत्र सापडतात ती एका नमुन्यावर मांडली आहेत, आणि मापंही त्याच हिशेबानं घेतली आहेत. प्रश्न एकच: हा मायरिकनं कोरलेला दात आहे का? लिलावात अस्सल दात लाख डॉलरच्या वर गेलेला आहे. नक्कल जुन्या बाजारात काही डॉलरांत मिळते. हाताळणारे बहुतेक जण उत्तर चित्रात शोधतात, आणि तिथेच फसतात.

मायरिकचीच नक्कल का

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं नॅन्टकेट हे छोटं बेट. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत तिथली जहाजं स्पर्म व्हेलच्या तेलासाठी पॅसिफिकपर्यंत, जपानच्या किनाऱ्यापर्यंत जात. एक फेरी तीन-तीन वर्षांची. तेल कढवून पिंपात भरलं जाई. खालच्या जबड्यातले दात मात्र अमेरिकेच्या बाजारात जवळपास कवडीमोलाचे होते. पॅसिफिकमधल्या काही बेटांवर, विशेषतः फिजीत, त्यांना मोठा मान होता आणि व्यापारी ते तिकडे नेत. उरलेले खलाशांत वाटले जात. एका माशाच्या खालच्या जबड्यात दर बाजूला सुमारे १८ ते २६ दात, म्हणजे एका शिकारीत चाळीसेक नग. देवमासा दिसेपर्यंत आठवडेच्या आठवडे हाताला काम नसे.

फ्रेडरिक मायरिक (जन्म १८०८) हा ‘सुसान’वरचा असाच एक खलाशी. डिसेंबर १८२८ पासून त्यानं दात कोरायला सुरुवात केली, आणि त्या काळी जवळपास कुणी करत नसे ते केलं: सही आणि तारीख घातली. जहाज, कप्तान, ठिकाणही लिहिलं. त्याचे तीसहून अधिक दात आज माहीत आहेत. रचना बहुतेकांवर सारखीच: दोन अंगांना जहाज, टोकाकडे गरुड, आणि बऱ्याच दातांवर दोन ओळींचं तेच घोषवाक्य. त्याचा आशय असा: जिवंतांना मरण, मारणाऱ्यांना दीर्घायुष्य, खलाशांच्या बायकांना यश आणि देवमासेवाल्यांना तेलकट नशीब. मॅसॅच्युसेट्समधल्याच सेलम इथल्या ईस्ट इंडिया मरीन सोसायटीच्या संग्रहात ‘सुसान’चा एक दात १८३१ मध्येच नोंदला गेला होता. नॅन्टकेटचाच एडवर्ड बर्डेट मायरिकच्या थोडा आधीपासून कोरत होता, पण नाव-गाव-तारीख असा पक्का पुरावा मायरिकनंच मागे ठेवला.

संशोधकांसाठी हे वरदान आणि नक्कल करणाऱ्यांसाठीही. सही असलेली, फोटो छापून आलेली, एकाच साच्यातली रचना साच्यात ओतायला सगळ्यात सोपी. त्यात १९६० नंतर मागणी वाढली. अध्यक्ष केनेडी कोरलेले दात जमवत आणि कामाच्या टेबलावर ठेवत, ते वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी पाहिलं. पुढच्या दशकांत इंग्लंड आणि अमेरिकेत रेझिनच्या (ओतून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकच्या) नकला हजारोंनी बनल्या. बनवणाऱ्यांनी त्या बहुतेक वेळा नकला म्हणूनच, शोभेच्या वस्तू म्हणून विकल्या. फसवणूक सुरू होते ती दुसऱ्या-तिसऱ्या हाताला, बुडाखालची खूण कानशीनं घासून काढल्यावर.

पहिलं काम: भिंगाआधी यादी

तपासणी साधनांनी सुरू करू नये. संग्रहालय-अभ्यासक स्टुअर्ट फ्रँक यांनी केंडल व्हेलिंग म्युझियममध्ये असताना प्लास्टिकच्या अशा दातांची यादीच तयार केली होती. (ते संग्रहालय पुढे न्यू बेडफर्डच्या व्हेलिंग म्युझियममध्ये विलीन झालं.) दातावरचा मजकूर अक्षरशः जसाच्या तसा उतरवून घ्यायचा, चुकीच्या स्पेलिंगसकट, ओळ कुठे तुटते तेही, लांबी मोजायची, आणि नोंदलेल्या नकलांशी ताडून पाहायचं. मजकूर, ओळींची तोड आणि माप तिन्ही जुळली तर ऐंशी टक्के काम तिथंच संपतं. दोन खऱ्या दातांचं माप आणि वळण कधीच हुबेहूब सारखं नसतं, कारण दात माशाच्या जबड्यात वाढलेले असतात.

यादीत नाही म्हणजे अस्सल, असं मात्र नाही. यादी कधीच पुरी नसते.

बूड वाचायचं, चित्र नंतर

१० पटीचं भिंग आणि तिरका प्रकाश एवढं पुरतं. आणि पाहायला सुरुवात बुडापासून.

स्पर्म व्हेलच्या दाताला आत डेंटिन, म्हणजे दाताचा मुख्य गाभा, आणि बाहेरून जाड सिमेंटमचं आवरण असतं. बुडाच्या कडेला, जिथे दात कापला किंवा झिजला आहे, तिथे या दोन थरांमधली सीमा एका स्पष्ट वळ्यासारखी दिसते. रंग आणि पोत दोन्ही बदलतात. हत्तीच्या दातातल्या एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेघांची जाळी इथे नसते, त्यामुळे ती दिसली नाही म्हणून दात खोटा ठरवू नये. ही चूक हस्तिदंताची सवय असलेले लोक नेहमी करतात. मुळाकडची पोकळी शंकूच्या आकाराची, कडेला पातळ होत जाणारी, बरेचदा कपचे उडालेली. म्हाताऱ्या नराच्या दातात ती भरत जाते, म्हणून उथळ पोकळी एकट्यानं काही सिद्ध करत नाही.

आपल्या नमुन्यात पोकळीची कड सगळीकडे सारखी जाड आणि गुळगुळीत आहे. थरांचं वळं नाही. आतला तपकिरी रंग एकसारखा पसरलेला, जणू ब्रशनं लावला आहे. एका कोपऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढे तीन गोल खड्डे: ओतताना अडकलेले हवेचे बुडबुडे. दाताच्या दोन्ही कडांवरून एक पुसटशी उभी रेघ जाते. बोट फिरवलं तर कळत नाही, प्रकाश आडवा टाकला की दिसते. तो साच्याचा सांधा.

मग भेगा. खऱ्या दाताची भेग आतपर्यंत जाते. बुडाच्या कडेवरही ती आत गेलेली दिसते, आणि तिच्या दोन बाजू कधीकधी किंचित वरखाली झालेल्या असतात. नमुन्यातल्या भेगा मुळापर्यंत येतात आणि कडेवर अचानक थांबतात. त्या भेगा नाहीत, भेगांचे ठसे आहेत. मूळ दाताच्या साच्यात त्याच्या भेगाही उतरल्या, आणि वर तपकिरी रंग घासून बसवला.

आता चित्र. मूळ काम कसं होत होतं ते लक्षात घेतलं तर काय शोधायचं ते कळतं. कच्च्या दाताच्या अंगावर उभ्या शिरा असतात. त्या सुरीनं खरवडून, कानशीनं घासून, मुशीच्या कातड्यानं गुळगुळीत करून, शेवटी राखेनं किंवा प्युमिसच्या भुकटीनं झिलई देत. रेघा खिशातल्या सुरीनं, शिडं शिवायच्या दाभणानं किंवा धारदार टोकानं ओढत. मग काजळी तेलात कालवून घासायची आणि वरची पुसून टाकायची; रेघेत अडकली तेवढी काळी राहते. मासिकातलं चित्र उतरवायचं असेल तर कागद दातावर गुंडाळून टाचणीनं बाह्यरेषेवर भोकं पाडत आणि ते ठिपके नंतर जोडत.

हातानं ओढलेली रेघ भिंगाखाली ‘व्ही’ आकाराची दिसते. सुरुवातीला बारीक, मध्ये रुंद, वळणावर टोक घसरून बाहेर गेलेलं. दोरखंडांच्या दाट रेघांत हात कंटाळल्याचं कळतं. दीडदोनशे वर्षं हाताळलेल्या दातावर उंच भाग झिजलेले असतात आणि तिथली काजळी उडालेली असते, खोलगट भागात ती शाबूत राहते. ओतीव नकलेत रेघेच्या कडा मऊ, किंचित गोलसर. तळाशी सुईच्या टोकाएवढे बुडबुडे. आणि काळा रंग सगळीकडे सारखा भरलेला. नमुन्यात गरुडाच्या पंखावर, म्हणजे दाताच्या सगळ्यात फुगीर भागावर, रंग पोकळीजवळच्या रेघांइतकाच ताजा आहे. हाताळणीची झीज तिथे हवी होती.

चित्राच्या तपशिलाची परीक्षा इथे कामाची नाही, पण दुसऱ्या प्रकरणांत असते. उदाहरणार्थ, वरच्या शिडाचे दोन भाग करून दोन वेगळ्या आडकाठ्यांवर बांधायची पद्धत १८५० च्या दशकापासून रुळली. १८२९ ची तारीख आणि तशी शिडं एकत्र असतील तर कोरणारा नंतरचा. आपल्या नमुन्यात अशी एकही चूक नाही, कारण तो बहुधा अस्सल दाताच्याच साच्यातून आलाय. चित्र बिनचूक असणं हा इथे पुरावाच नाही.

अतिनील दिवा

३६५ नॅनोमीटरचा दिवा, अंधारी खोली, शेजारी तुलनेसाठी खात्रीचा हाडाचा किंवा दाताचा तुकडा. खरा दात निळसर पांढरा उजळतो, जुन्या पिवळ्या थराखाली तो उजेड मंद होतो. बरीच रेझिन्स मातकट किंवा जांभळट दिसतात. आपला नमुना मातकट जांभळट आणि सगळीकडे एकसारखा. पण या दिव्यावर एकट्यावर विसंबू नये: मेण आणि वॉर्निश स्वतः चमकतात, आणि काही रेझिन्स खऱ्या दातासारखी उजळतात.

सुई तापवणं

लाल तापलेली सुई टोचून बघायची जुनी पद्धत आजही सांगितली जाते. खऱ्या दातात सुई फारशी घुसत नाही आणि जळक्या केसांचा वास येतो. प्लास्टिक नरम पडतं आणि उग्र रासायनिक वास येतो. आमचं मत स्पष्ट आहे: करू नये. दात खरा निघाला तर त्यावर कायमचा डाग पडतो आणि किंमत उतरते. शिवाय पॉलिएस्टर रेझिन एकदा घट्ट झालं की धड वितळत नाही. त्यात खनिजाची किंवा हाडाची पूड मिसळलेली असेल तर खुणा आणखी गोंधळात टाकतात.

पाण्यातलं वजन

ही सगळ्यात खात्रीची घरगुती चाचणी, पण क्रमात शेवटी. खऱ्या कोरीव दाताला पाण्यात बुडवणं वाईट: डेंटिन पाणी ओढतं, सुकताना भेगा रुंदावतात, आणि पाण्यात विरघळणारी शाई असेल तर ती निघते. भिंग आणि दिवा दोन्ही रेझिनकडे बोट दाखवत असतील तेव्हाच ही चाचणी करावी.

एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्यायचा. आधी दाताचं कोरडं वजन: २१२ ग्रॅम. मग काट्यावर पाण्यानं अर्धं भरलेलं भांडं ठेवून काटा शून्यावर आणायचा. दात पातळ दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल असा सोडायचा, पण तळाला किंवा कडेला लागू द्यायचा नाही. पोकळी वर ठेवायची. उलटी ठेवली तर हवा अडकते, आकारमान फुगतं आणि चांगला दातही हलका वाटतो. काट्यावर जेवढे ग्रॅम दिसतात तेवढे मिलिलिटर आकारमान. इथे १६८.

२१२ भागिले १६८ म्हणजे १.२६. दाताच्या डेंटिनची घनता साधारण १.७ ते २.० असते, साधं रेझिन १.१ ते १.३. नमुना सरळ रेझिनच्या पट्ट्यात बसतो. गोची तेव्हा होते जेव्हा रेझिनमध्ये संगमरवराची किंवा कॅल्शियम कार्बोनेटची पूड मिसळून वजन वाढवलेलं असतं. मग आकडा १.६-१.८ वर जातो आणि ही चाचणी निरुपयोगी ठरते. अशा वेळी प्रयोगशाळेत अवरक्त वर्णपटमापन (इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपी) करून घ्यावं. दाताला स्पर्श करून, तुकडा न काढता ते होतं. खऱ्या दातात फॉस्फेट आणि प्रथिनांच्या खुणा एकत्र दिसतात, नकलेत रेझिनच्या.

निर्णय या प्रकरणात याआधीच लागला होता. वजनानं तो फक्त पक्का केला.

अवघड प्रकार वेगळाच

रेझिन सापडणं सोपं आहे. डोकं खातो तो दात खरा, कोरीव काम नवं असा प्रकार. स्पर्म व्हेलची व्यापारी शिकार विसाव्या शतकातही मोठ्या प्रमाणावर चालू होती. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाची बंदी १९८० च्या दशकाच्या मध्यात लागू झाली, आणि अझोर्स बेटांवर तर उघड्या होड्यांतून हाती हार्पूननं शिकार १९८० च्या दशकापर्यंत चालली. त्यामुळे कोरे दात भरपूर उपलब्ध होते. एखाद्यानं तसा दात घेऊन त्यावर ‘सुसान’ कोरलं तर बुडातल्या सगळ्या परीक्षा तो पास होतो.

तिथे निर्णय रेघ आणि भेग यांच्या नात्यावर ठरतो. रेघ आधी, भेग नंतर असेल तर भेग रेघेला कापून पुढे जाते आणि काजळी रेघेतच राहते. भेग आधी असेल तर कोरताना तिच्या कडेला बारीक कपचे उडतात आणि शाई भेगेत ओघळलेली दिसते. दुसरी खूण पिवळेपणाची. दाताला उजेड लागला की तो पांढुरका होतो, अंधारात राहिला की पिवळा. म्हणून कपाटात वर्षानुवर्षं एका कुशीवर पडलेल्या दाताच्या दोन बाजू वेगळ्या रंगाच्या असतात. चहा, तंबाखू किंवा पोटॅशियम परमँगनेटनं रंगवलेला दात सगळीकडून एकसारखा असतो आणि रंग रेघांच्या कडांत साचलेला असतो. फिरत्या यंत्राच्या टोकानं कोरलं असेल तर रेघेची रुंदी एकसारखी, तळ गोल आणि कडेला थरथरीच्या खुणा. किरणोत्सारी कार्बनची चाचणी मासा १९५० च्या दशकातल्या अणुचाचण्यांच्या आधीचा की नंतरचा ते बऱ्याच अंशी सांगू शकते. कोरीव काम कधीचं ते ती सांगू शकत नाही, आणि तिला तुकडा काढावा लागतो.

कायद्याची बाजू

आपला नमुना रेझिन ठरला, त्यामुळे वन्यजीव कायद्यांचा प्रश्न उरत नाही. पण ते ठरेपर्यंत तो खरा असल्यासारखाच वागवावा. अमेरिकेत १९७२ चा सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायदा आणि १९७३ चा धोक्यातल्या प्रजातींचा कायदा यांच्या चौकटीत शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना काही सवलती आहेत, पण वय सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. कॅलिफोर्नियात २०१६ पासूनच्या राज्य कायद्यात व्हेलचे दातही येतात. ब्रिटनमध्ये २०१८ चा आयव्हरी अ‍ॅक्ट जानेवारी २०२५ पासून स्पर्म व्हेललाही लागू झाला आहे. धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटिस करारात स्पर्म व्हेल परिशिष्ट १ मध्ये आहे.

बॉस्टनच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक सूचना. घर रिकामं करण्याच्या विक्रीत मिळालेला असा दात पुण्याला भेट म्हणून आणायचा विचार असेल तर आधी तो खरा आहे की रेझिन याचं लेखी मत घ्यावं, आणि खरा असेल तर आणू नये. कोकणात आणि मुंबईत ‘व्हेलची उलटी’, म्हणजे अंबरग्रीस बाळगल्याबद्दल होणाऱ्या अटका बातम्यांत नेहमीच्या झाल्या आहेत. तो मासा हाच, आणि कायदाही तोच वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२.

निकाल कसा लिहावा

‘खोटा’ असा एक शब्द लिहून भागत नाही. विमा कंपनी, वारस किंवा कस्टम यांच्यापैकी कुणीही तो कागद वाचू शकतो. नमुन्यासाठी मत असं लिहिता येईल: ‘रेझिनमध्ये ओतलेली प्रतिकृती; रचना फ्रेडरिक मायरिकच्या ‘सुसान’ दातांची, मूळ दाताच्या साच्यावरून घेतलेली असण्याची शक्यता; साच्याचा सांधा, बुडबुडे, डेंटिन-सिमेंटम सीमेचा अभाव आणि १.२६ घनता या आधारे. कोरीव काम हातानं केलेलं नाही.’ सोबत बुडाचा, सांध्याचा आणि एका रेघेचा जवळून घेतलेला फोटो, प्रत्येकात मापपट्टी ठेवलेली. चित्राचा सुंदर फोटो सगळे काढतात. वादाच्या वेळी उपयोगी पडतो तो पोकळीचा.

मालकाला दात ठेवायचा असेल तर खुशाल ठेवावा, शोभेला चांगला दिसतो. फक्त पोकळीच्या आतल्या भिंतीवर बारीक ड्रिलनं ‘रेप्लिका’ आणि तपासणीचं वर्ष किमान दोन मिलिमीटर खोल कोरून घ्यावं. शाईनं लिहिलेलं स्पिरिटनं पुसलं जातं, चिकटवलेलं लेबल निघतं, आणि बुडाच्या कडेवरची खूण कानशीच्या दोन हातांत जाते; आतल्या भिंतीवरची काढायची तर अख्खी पोकळी घासावी लागते आणि ते घासणं लपत नाही.